आधी एम.एस्सी. की आधी प्रोजेक्ट? : संशोधन मार्गदर्शकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांत, राष्ट्रीय प्रयोगशाळांत आणि संशोधन संस्थांत पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेल्या सर्व सर-मॅडमना,



मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नोकरीला सोळा वर्षे झाली. त्याआधी अडीच वर्षे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर होते. तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी परिषदांमध्ये ऐकले आहे, तुमचे शोधनिबंध वर्गात शिकवले आहेत, आणि माझ्या काही मुलांना तुम्ही घडवलेही आहे. म्हणजे हे पत्र परक्या माणसाचे नाही. पण काही गोष्टी समोरासमोर बोलायची संधी मिळत नाही आणि मिळालीच तर धीर होत नाही, म्हणून उघड लिहिते आहे.

निमित्त एका मायलेकींचे. मुलगी नुकतीच बी.एस्सी. झालेली, माझ्याच हाताखालची. आई अंगणवाडीत मदतनीस. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दोघी प्रयोगशाळेत आल्या आणि आईने पर्समधून दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक होता एम.एस्सी.च्या प्रवेशाचा; चार दिवसांत फी भरायची होती. दुसरा नेट कॅफेतून काढलेली जाहिरात: प्रोजेक्ट असिस्टंट, पात्रता बी.एस्सी., दरमहा २०,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता, मुलाखतीला मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. आई म्हणाली, "मॅडम, हिला शेवटी पीएच.डी.च करायचीय म्हणती. मग मधी दोन वर्षं फी, खोलीभाडं, मेस असा खर्च कशाला? तिकडं तर शिकवून वर पगार देत्यात."

प्रश्न अगदी सरळ होता. तिच्या मानधनापेक्षा तो पगार कितीतरी जास्त होता, आणि मुलगी हुशार आहे हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.

ही मुलगी कशी आहे तेही सांगते, म्हणजे कोणाबद्दल बोलते आहे ते कळेल. यांची दोन एकर डाळिंबाची बाग. दोन हंगाम तेल्याने खाल्ले. तुम्ही कागदावर झँथोमोनास म्हणून वाचता तो हा रोग. शेतकऱ्याला तो आधी पानावरच्या तेलकट ठिपक्यांत दिसतो, मग फळावर काळे डाग येतात आणि ऐन भरात आलेले फळ तडकते. दुसऱ्या वर्षाला असताना ही मुलगी डबीत एक डागाळलेले पान घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, हे प्लेटवर टाकून बघू का?" मी हो म्हटले. तिसऱ्या दिवशी प्लेटवर फिकट पिवळ्या, चकचकीत कॉलनी आल्या, तेव्हा ती इन्क्युबेटरसमोर उभी राहून खूप वेळ काही बोललीच नाही. मग तिने विचारले, "बागेत फवारतो ते औषध याच्यावर टाकलं तर?" तो प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. संशोधन करणारे माणूस कसे ओळखावे हे तुम्ही मला शिकवायला नको. अशा प्रश्नावरूनच ओळखायचे.

मी त्या दोघींना सांगितले: आधी एम.एस्सी. आईने विचारले, "तसं कुठं लिहिलंय का?" लिहिलेले आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते, ५५ टक्के गुणांनी, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली असेल तर एम.एस्सी.शिवायही दार उघडते. पण आपल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. ही मुलगी त्याच्या आधीच्या तुकडीची, तिची पदवी तीन वर्षांची. तिने पाच वर्षे प्रोजेक्टवर घाम गाळला तरी त्या जोरावर तिची नोंदणी होणार नाही.

हे मी सांगू शकले, कारण नियम छापलेला आहे. पण आईचा पुढचा प्रश्न होता, "आणि समजा एम.एस्सी. झाल्यावर प्रोजेक्टवर गेली, तर तिथंच पीएच.डी. होती का?" याचे उत्तर मला देता आले नाही. ते कुठेच लिहिलेले नसते. त्या-त्या प्रयोगशाळेतल्या एकाच माणसाला ते ठाऊक असते, आणि ते माणूस म्हणजे तुम्ही.

माझी सगळी तक्रार इथून सुरू होते.

तुमची जाहिरात मी कित्येक वर्षे नोटीस बोर्डावर लावते आहे. त्यात नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे, प्रकल्प संपताच ती संपेल, कायम नोकरीवर हक्क सांगता येणार नाही, हे सगळे ठळक असते. तुमच्या कार्यालयाला ते लिहावेच लागते, ते मला मान्य आहे. पण त्या कागदावर एक ओळ कधीच नसते: या जागेवर येणाऱ्याला माझ्याकडे पीएच.डी.साठी नोंदणी करता येईल की नाही. एम.एस्सी. झालेली मुले ती जाहिरात वाचतात ती पगारासाठी नाही, त्या न लिहिलेल्या ओळीसाठी. ती ओळ तिथे आहे असे गृहीत धरून ती गाव सोडतात.

मीही सोडले होते. एम.एस्सी. झाल्यावर लगेच पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा द्यायची की आधी वर्षभर काम शिकून घ्यायचे, हा प्रश्न माझ्यापुढेही होता. काम शिकून घ्यावे असे वाटले आणि तो निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. मातीतल्या जिवाणूंचा संग्रह करायचा प्रकल्प होता. नमुने आणायचे, प्लेटा घालायच्या, शुद्ध कल्चर मिळाले की ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे. तीनशे चाळीस कुप्या मी स्वतः भरल्या. बर्फाने आणि स्पिरिटने अक्षर पुसले जाते म्हणून प्रत्येक कुपीवर मार्करने क्रमांक घालून वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, ही सवय मला तिथे लागली आणि आजही मी माझ्या मुलांना तीच लावते. हात स्वच्छ ठेवणे, कंट्रोल न विसरणे, प्रयोग फसला तर नोंदवहीत 'फसला' असेच लिहिणे, हे मला एम.एस्सी.ने शिकवले नव्हते. त्या प्रयोगशाळेने शिकवले.

नोंदणीबद्दल मी तीनदा विचारले. पहिल्यांदा उत्तर आले, "सहा महिने जाऊ देत, बघू." दुसऱ्यांदा, "व्हेकन्सी निघू दे." तिसऱ्यांदा, "पुढच्या प्रोजेक्टमध्ये नक्की बघू." पुढचा प्रकल्प मंजूर झाला नाही. ३१ मार्चला मी कपाटाची किल्ली, फ्रीझरचे रजिस्टर आणि सहा नोंदवह्या सुपूर्द केल्या. नोंदवह्या संस्थेच्याच असतात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. दीड वर्षाने शोधनिबंध आला. लेखकांत माझे नाव नव्हते. शेवटी आभाराच्या ओळीत, तांत्रिक साहाय्याबद्दल, होते.

माझे ते सर वाईट नव्हते. आई आजारी असताना त्यांनी मी न मागता सुट्टी दिली होती, आणि रात्री उशीर झाला की शिपायाला बसस्टॉपपर्यंत सोबत पाठवत. त्यांनी मला फसवले असेही मी म्हणत नाही. त्यांनी फक्त सांगितले नाही. त्यांच्याकडच्या जागा भरलेल्या आहेत आणि पुढची दोन वर्षे एकही रिकामी होणार नाही, हे त्यांना मी रुजू झाले त्या दिवशी माहीत होते. ते त्याच दिवशी सांगितले असते तर मी एक वर्ष काम शिकले असते आणि दुसऱ्या वर्षी दुसरे दार ठोठावले असते. पीएच.डी. मी पुढे नोकरी सांभाळून केली. पदवी हातात आली तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते.

काही वर्षांनी विद्यार्थ्यांना घेऊन मी त्याच प्रयोगशाळेत भेटीला गेले. तिथल्या प्रोजेक्टवरच्या मुलीने मुलांना दाखवायला फ्रीझर उघडला, दुसऱ्या कप्प्यातली पेटी बाहेर काढली, आणि चिकटपट्टीखाली माझे अक्षर होते. मी मुलांना त्यातले काही बोलले नाही. त्या मुलीला मात्र बाजूला घेऊन विचारले, "तुझं रजिस्ट्रेशन झालं का?" ती म्हणाली, "सर म्हणालेत, बघू."

आता एकेक गोष्ट मागते. काही छोट्या आहेत आणि तुमच्या एका सहीने होण्यासारख्या आहेत. काहींना वेळ लागेल.

सगळ्यात आधी, प्रोजेक्टवर घेताना पीएच.डी.बद्दलचे उत्तर पहिल्या दिवशी द्या, आणि ते लिहून द्या. 'होईल', 'होणार नाही', किंवा 'अमुक महिन्यात जागा रिकामी होईल, तोवर सांगता येत नाही', यांपैकी कोणतेही चालेल. हे तुम्हाला ठाऊक नसते असे मला कोणी सांगू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. आपल्याकडे सध्या किती आहेत आणि कोणाचा प्रबंध कधी सादर होणार, हे प्रत्येक मार्गदर्शकाला तोंडपाठ असते. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. माझा एक विद्यार्थी अशाच एका ठिकाणी चौदा महिने राबला. मार्गदर्शकांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. ते त्याला कार्यालयातल्या कारकुनाकडून कळले.

दुसरे, आधी काही महिने नुसते येऊन काम करून बघ, मग नोंदणीचे पाहू, असे म्हणून मुलांना बिनपगारी बसवून घेणे बंद करा. पुण्या-मुंबईत घर असलेल्याला ते एकवेळ परवडते. माझ्या मुलांना परवडत नाही, आणि ती तसे तोंडावर म्हणत नाहीत. ती शनिवार-रविवारी कुठेतरी शिकवण्या घेतात, एक वेळ मेसचा डबा आणि एक वेळ वडापाव असे भागवतात आणि सोमवारी तुमच्यापुढे उभी राहतात. कोणाची चिकाटी पारखायची असेल तर पगार देऊन तीन महिने पारखा.

पगाराचाच विषय निघाला म्हणून सांगते. त्याच ओट्यावर, तेच पिपेट हातात धरून काम करणाऱ्या दोघांत नेट झालेल्याला जास्त आणि न झालेल्याला कमी मिळते. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशात प्रोजेक्ट असोसिएटसाठी ते ३१,००० आणि २५,००० असे होते. हा फरक तुम्ही ठरवलेला नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे विद्यावेतन ३७,००० झाले, त्याचा आनंदच आहे. अनुदान वेळेवर न आल्याने तुम्हालाही महिनोन् महिने तोंड लपवावे लागते, स्वतःच्या खिशातून रसायने आणणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. पण नेट न झालेल्या मुलाला नेटच्या अभ्यासासाठी परीक्षेआधी महिनाभर संध्याकाळी सहाला सोडणे, हे तर तुमच्या हातात आहे ना? प्रोजेक्टवर गेलेली माझी कितीतरी मुले तिथल्या कामात इतकी अडकली की नेट मागेच पडली, आणि मग नेट नाही म्हणून पीएच.डी. अडली.

त्या परीक्षेचे तरी कुठे धड असते? जून २०२४ मध्ये सीएसआयआर-यूजीसी नेट अवघ्या चार दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या अखेरीस झाली. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रोजेक्टवरून तेवढ्यापुरती रजा काढली होती. दुसऱ्यांदा मागायचा त्याला संकोच वाटला. त्याच वर्षापासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरायला सुरुवात झाली: जेआरएफ न मिळालेल्यांसाठी ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला, आणि ते गुण ग्राह्य फक्त एक वर्ष. म्हणजे परीक्षा पास झालेल्या मुलाला वर्षाच्या आत मार्गदर्शक मिळायला हवा. अशा मुलासाठी तुमच्या 'बघू'ची किंमत किती होते, ती तुम्हीच मोजा.

आता एम.एस्सी.बद्दल. इथे आम्हा शिक्षकांचाही दोष आहे आणि तो मी आधी मांडते.

मुलाखतीला आलेल्या मुलाला तुम्ही विचारता, "एम.एस्सी.त तू नेमके काय काम केलेस?" तो सांगतो, तुळशीच्या पानांच्या अर्काचा जिवाणूंवरचा परिणाम. त्याच्या आधीचा म्हणाला होता कडुनिंबाच्या पानांचा. तुम्ही कंटाळता, ते मी समजू शकते. आमच्याकडे चौथ्या सत्रात वर्गातल्या सगळ्यांना पुरेल असे एकच काम असते: आगार प्लेट, त्यात खड्डा, खड्ड्यात अर्क, दुसऱ्या दिवशी पट्टीने रिंगण मोजायचे. पीसीआर यंत्र एक, तेही वर्षातले चार महिने बंद. काही ठिकाणी तर प्रकल्प अहवाल स्पायरल बाइंडिंगच्या दुकानातच तयार मिळतो आणि त्यावर आमच्या सह्या होतात. हे मी लपवणार नाही. नव्या आराखड्यात एम.एस्सी.च्या ८८ श्रेयांकांपैकी तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्या सत्रात सहा श्रेयांक संशोधन प्रकल्पाला दिले आहेत, शिवाय संशोधन पद्धतीचा वेगळा विषय आहे. कागदावर फार चांगले झाले आहे. पण त्या दहा श्रेयांकांत मुलगा खरोखर काय करेल हे त्याच्या महाविद्यालयात कोणती यंत्रे आहेत यावर ठरते.

त्याच मुलाखतीला आयसरचा विद्यार्थी बसलेला असतो. त्याच्या पाच वर्षांच्या शिक्षणातले शेवटचे वर्ष जवळजवळ पूर्ण संशोधनात गेलेले असते. त्याला आधी एम.एस्सी. की आधी संशोधन हा प्रश्नच पडत नाही. दोन्ही एकाच छताखाली झालेले असते. तुम्ही दोघांना एकच प्रश्न विचारता आणि दोघांच्या उत्तरांत जो फरक पडतो तो बुद्धीचा समजता.

म्हणून तिसरी मागणी: चौथ्या सत्रातले सहा महिने आमच्या मुलांसाठी तुमची प्रयोगशाळा उघडा. प्रत्येक मार्गदर्शकाने वर्षाला फक्त एक मूल घ्यावे, तेही अशा महाविद्यालयातले जिथे संशोधनाची सोय नाही. मोबदला नका देऊ, वसतिगृहात जागा मिळवून द्या. हे होऊ लागले तर एम.एस्सी.नंतर 'अनुभवासाठी' म्हणून प्रोजेक्टवर घालवायची वर्षे कितीतरी जणांची वाचतील. आणि त्या सहा महिन्यांत एखाद्याला कळले की हे आपले काम नाही, तर तेही चांगलेच. माझ्या एका विद्यार्थिनीला प्रोजेक्टवर आठ महिन्यांत ते कळले. आज ती सोलापुरात पॅथॉलॉजी लॅब चालवते, आनंदात आहे. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळले असते तर?

चौथी मागणी तुमच्यातल्या त्यांच्याकडे, जे अभ्यास मंडळांवर आणि विद्या परिषदांवर बसतात. प्रोजेक्टवर केलेले काम पदवीत मोजले जाईल अशी वाट काढा. हे नवे काहीच नाही. कमला सोहोनींची गोष्ट आपण नेहमी सांगतो ती सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या मागे हटल्या नाहीत इथवरची. त्यापुढचा भाग मला आज जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली ही मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तिथे दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले, आणि त्या संशोधनावर मुंबई विद्यापीठाने तिला १९३६ साली एम.एस्सी. दिली. मग केंब्रिज, आणि १९३९ मध्ये पीएच.डी. काम बंगळूरला, पदवी मुंबईची. फी भरून वर्गात बसायचे की प्रयोगशाळेत काम करायचे, असा पेच तिच्यापुढे विद्यापीठाने उभा केला नाही. वर्षभर परीक्षाधीन राहण्याची जी अट तिला घातली गेली ती अन्यायाचीच होती. तरीही मुदत किती आहे, ती पार केली तर काय मिळणार, हे तिला आधी सांगितलेले होते. आज माझ्या मुलींना तेवढेही सांगितले जात नाही.

श्रेयांक साठवून ठेवण्याची सोय आता देशभर आहे. प्रोजेक्टवर दोन वर्षे प्रामाणिक काम केलेल्या बी.एस्सी.च्या मुलाला त्यातले काही श्रेयांक एम.एस्सी.त मिळावेत, एम.एस्सी. झालेल्याला पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये मिळावेत, असा ठराव कोणीतरी मांडायला हवा. तो मांडण्याचा अधिकार मला नाही. तुम्हाला आहे.

पाचवे म्हणजे माहिती. बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला घेणाऱ्या संस्था आहेत: बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर. जागा थोड्या, पण तिथे एम.एस्सी. आणि संशोधन यांतले एक निवडावे लागत नाही आणि विद्यावेतनही मिळते. त्यासाठी जॅमसारख्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्यांचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरायचे असतात. माझ्या गावात ही गोष्ट मुलांना निकालानंतर कळते. हे सांगण्याचे पहिले काम माझे आहे आणि दर ऑगस्टमध्ये मी ते करते. पण तुमच्यापैकी एकाने येऊन तासभर बोलावे, त्याने जे होते ते माझ्या दहा तासांनी होत नाही. मुले हल्ली मोबाइलवर ऐकतात की अमेरिकेत एम.एस्सी.शिवाय पीएच.डी. मिळते; पण तिथली पदवी चार वर्षांची असते आणि आपली तीन वर्षांची तिथे बऱ्याच ठिकाणी चालत नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. तुम्ही फक्त या. एस.टी. स्टँडपासून न्यायला मी स्वतः येईन.

एक शेवटची गोष्ट मुलींसाठी. एम.एस्सी.ची दोन वर्षे घरचे लोक धरून चालतात. ते शिक्षण असते, त्याला नाव असते, शेवटी पदवी असते. प्रोजेक्टच्या वर्षांना घरात नाव नसते. "अजून काय चाललंय हिचं?" हा प्रश्न दर दिवाळीला येतो, आणि त्याला दाखवायला हातात कागद लागतो. नोंदणीचे पत्र असेल तर स्थळ बघणे दोन वर्षे थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नसेल तर थांबत नाही. माझ्या वर्गातल्या सर्वांत हुशार तीन मुलींपैकी दोघींची वाट अशा 'बघू'मध्येच संपली. म्हणून कामाचा अनुभव दाखला मागितल्यावर लगेच द्या, त्यात नेमके काय काम केले ते लिहा, आणि ज्याच्या हातून आकडे आले त्याचे नाव शोधनिबंधाच्या लेखकांत घाला. तो आपला विद्यार्थी नव्हता, प्रोजेक्टवर होता, हे कारण मला पटत नाही.

एवढे सगळे लिहिल्यावर माझे मत विचाराल तर स्पष्ट सांगते. तीन वर्षांची बी.एस्सी. झालेल्याने एकात्मिक पीएच.डी. मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. नाहीतर आधी एम.एस्सी. करावी, कर्ज काढावे लागले तरी. प्रोजेक्ट एम.एस्सी.च्या जागी नको. एम.एस्सी.नंतर करायचा असेल तर एक वर्ष, आणि नोंदणीचे उत्तर लेखी हातात घेऊन. घरची ओढाताण इतकी असेल की बी.एस्सी.नंतर कमवावेच लागेल, तर प्रोजेक्टवर खुशाल जावे, पण ती नोकरी आहे हे समजून, आणि जोडीला बाहेरून एम.एस्सी. पुरी करायची तयारी ठेवून. तुमच्यापैकी एका मॅडमनी माझ्या एका विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगितले होते, "माझ्याकडे दोन वर्षे जागा नाही. काम शिकायचे असेल तर एक वर्ष ये, मी तुला दुसरीकडे शिफारस देईन." तो गेला, शिकला, त्यांनी शब्द पाळला. आज तो दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. त्या मॅडमनी पाच मिनिटे खर्च केली.

त्या मायलेकींनी चौथ्या दिवशी एम.एस्सी.ची फी भरली. आईने बचत गटातून उचल घेतली. मुलीने घरी जायच्या आधी माझ्याच संगणकावर बसून एक ईमेल लिहिला, मी फक्त स्पेलिंग तपासले. पहिले वर्ष संपल्यावर मे आणि जून दोन महिने तुमच्या प्रयोगशाळेत येऊन डाळिंबाच्या तेल्यावर काम करता येईल का, राहण्याची सोय मी बघेन, एवढाच मजकूर आहे. सोबत त्या पहिल्या प्लेटचा फोटो आहे. तो ईमेल तिने तुमच्यापैकी अकरा जणांना पाठवला. अजून एकाचेही उत्तर आलेले नाही. इनबॉक्समध्ये डाळिंब असा शब्द घालून शोधलात तर सापडेल, तिने तो विषयाच्या ओळीत मराठीत लिहिला आहे. उत्तर 'जागा नाही' असे असले तरी कृपया पाठवा, म्हणजे तिला यादीतल्या पुढच्या नावाला लिहिता येईल.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका
जि. सोलापूर